आधी टेप काढा, रंगाचं नंतर बघू

प्रवेश संपले की ज्युनिअर मुलामुलींचे दोनच प्रश्न येतात. लॅपटॉप कुठला घेऊ, आणि सॉफ्टवेअर कुठलं शिकून येऊ? मी पुण्यात इंटिरियरच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: पाच मीटरची स्टीलची टेप घ्या, चौकटीची वही घ्या. आमच्याकडे तरी पहिल्या सहामाहीत ड्रॉइंगच्या सगळ्या शीट हातानंच काढायच्या होत्या. लॅपटॉप तेवढे दिवस सिनेमे बघायच्या कामी आला.

त्या सहामाहीत प्रमाण, समतोल, लय, वावर हे शब्द वर्गात ऐकताना फळ्यावरच्या सुविचारांसारखे वाटायचे. पटायचे, पण हाताला काही लागायचं नाही. ते कळले आमच्याच घरात. दहा बाय चौदाचा हॉल, त्याला लागून सात बाय आठचं स्वयंपाकघर, आणि त्यात वावरणारी चार माणसं. म्हणून खालचं सगळं तुमच्या स्वतःच्या घरातल्या एका खोलीवर करून बघा. चार-पाच रविवार पुरतात.

सुरुवातीलाच एक खुलासा. इंटिरियर आर्किटेक्चर, इंटिरियर डिझाइन आणि डेकोरेशन यांतल्या सीमा कॉलेजागणिक बदलतात. मोघमपणे सांगायचं तर डेकोरेशन पडदे-गाद्या-फुलदाण्यांशी थांबतं आणि आपलं काम भिंत, जमीन, छत, उजेड, पाणी आणि माणूस इथून सुरू होतं. पण अभ्यासक्रमाच्या नावात ‘आर्किटेक्चर’ आहे म्हणून स्वतःच्या नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लावू नका. १९७२च्या कायद्यानुसार त्यासाठी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते.

पहिला रविवार : खोली मोजा

आधी टेप न काढता खोलीचा कच्चा नकाशा वहीत काढा. दार कुठे, खिडकी कुठे, बीम कुठून जातो, प्लगपॉइंट किती. मगच मापं घ्या. उलटं केलंत तर वहीभर आकडे होतात आणि संध्याकाळी कुठला आकडा कशाचा, ते आठवत नाही.

एका कोपऱ्यात टेपचा शून्य धरा आणि भिंतीवरच्या सगळ्या गोष्टी त्याच शून्यापासून मोजत जा. दाराची चौकट इथे सुरू, इथे संपली, खिडकी इथे सुरू. तुकड्यातुकड्यांनी मोजून बेरीज केली की प्रत्येक तुकड्यातली चूक बेरजेत जमा होते. टेपच्या टोकाचा पत्र्याचा हूक सैल असतो, हलतो. टेप खराब झालेली नसते. बाहेरून अडकवून मोजा किंवा आतून भिंतीला टेकवून, हुकाच्या पत्र्याची जाडी हिशेबात धरली जावी म्हणून तो तेवढाच सरकतो.

उभी मापं विसरू नका. जमिनीपासून खिडकीच्या कट्ट्यापर्यंत, तिथून खिडकीच्या वरच्या कडेपर्यंत, बीमच्या खालच्या कडेपर्यंत, स्लॅबपर्यंत. नवखे लोक हमखास बीम विसरतात आणि मग कपाट स्लॅबपर्यंत काढून ठेवतात.

आता दोन्ही कर्ण मोजा. आमचा हॉल दहा बाय चौदा, म्हणजे कोपरे काटकोनात असते तर दोन्ही कर्ण १७ फूट अडीच इंचांच्या आसपास यायला हवे होते. आले १७ फूट ४ इंच आणि १७ फूट १ इंच. म्हणजे खोली गुण्यात, काटकोनात, नाही. दहा फुटांच्या भिंतीत कोपरा जवळजवळ दोन इंच सरकलेला. पंधरा वर्षं त्या खोलीत राहून हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण भिंतीला चिकटून कपाट करायला घेतलं असतं तर सुताराच्या पहिल्या दिवशीच लक्षात आलं असतं. काम करणाऱ्यांकडे गुण्या आणि ओळंबा का असतो, ते मला त्या दिवशी कळलं. एकही भिंत सरळ आहे असं गृहीत धरायचं नाही.

भिंतीची जाडीही मोजा, दाराच्या चौकटीपाशी ती सापडते. माझ्या पहिल्या शीटमध्ये मी भिंती एकेरी रेघेनं काढल्या होत्या. हॉल बरोबर, स्वयंपाकघर बरोबर, आणि दोन्ही मिळून घर मात्र अर्धा फूट कमी. ज्युरीतल्या, म्हणजे शीट तपासायला बसलेल्या परीक्षकांतल्या, सरांनी ती हातात घेऊन विचारलं, “भिंती कागदाच्या आहेत का?”

एककांचा घोळ पहिल्यापासून निस्तरा. कॉलेजात मिलिमीटर चालतात, साइटवर फूट, इंच आणि सूत. एका इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण तीन मिलिमीटर. सुतार म्हणाला “दोन सूत कमी कर” तर मान डोलावून गप्प बसू नका, सहा मिलिमीटर कमी करा.

मग ती कागदावर उतरवा

प्लॅन म्हणजे वरून दिसणारं चित्र, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. पपई आडवी कापून वरचा भाग बाजूला ठेवला आणि खालच्या भागात डोकावलं, तर जे दिसेल तो प्लॅन. खोली साधारण चार फुटांवर आडवी कापायची, म्हणजे दारं-खिडक्या कापल्या जातात आणि ओटा, पलंग खाली दिसतात. पपई उभी कापली तर सेक्शन. कापलेली गोष्ट जाड, गडद रेघेनं. नुसती दिसणारी बारीक रेघेनं. एवढा एक नियम पाळलात तरी शीट वाचता येते. सगळ्या रेघा एकाच जाडीच्या असल्या की चित्र कितीही सुबक असो, ते मुकं राहतं.

स्केल म्हणजे किती पट लहान केलं. १:५० ला आमचा चौदा फुटी हॉल साडेआठ सेंटिमीटरचा होतो. फर्निचरची मांडणी बघायला तेवढा पुरतो. कपाटाच्या कप्प्यांचा विचार करायचा असेल तर १:२० ला या. कागदावर किती मावतं यावरून स्केल ठरवू नका, काय शोधायचं आहे त्यावरून ठरवा.

माणसं मोजा

हा भाग सगळ्यांत जास्त वेळ घेऊन करा. घरातल्या प्रत्येकाला भिंतीला उभं करा. उंची, उभं असताना जमिनीपासून कोपरापर्यंत, हात वर करून बोटांपर्यंत. मग खुर्चीवर बसवून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत. आणि आपल्याकडे जेवायला, निवडायला, गप्पा मारायला माणसं जमिनीवर बसतात, तर मांडी घालून बसल्यावर गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत किती जागा लागते तेही. बाहेरच्या पुस्तकांतल्या तक्त्यांत हे शेवटचं माप सहज सापडत नाही.

ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदानं माणसाच्या मापांवरून ‘मोड्युलॉर’ नावाची मोजमापपद्धत बेतली. तिच्यातला माणूस आधी १७५ सेंटिमीटरचा होता, पुढे तो १८३चा, म्हणजे सहा फुटांचा झाला. कारण काय, तर इंग्रजी रहस्यकथांतले देखणे पोलीस नेहमी सहा फुटी असतात! ही हकिकत त्यानं स्वतःच सांगून ठेवली आहे. माझी आजी १४७ सेंटिमीटरची. त्या सहा फुटी पोलिसाच्या मापाच्या घरात तिचा हात कशाकशापर्यंत पोहोचेल, याचा विचार करा.

विचार करायला लांब जायला नको, आमचा ओटा होताच. चौतीस इंच उंच. मिस्त्रीनं तो तेवढा केला, कारण तो सगळीकडे तेवढाच करतो. उभ्यानं काम करताना ओटा कोपराच्या दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली असावा, असा साधारण ठोकताळा आहे. आजीच्या कोपराची उंची ९२ सेंटिमीटर. म्हणजे तिला ७७ ते ८२ हवा, तीस ते बत्तीस इंच. आमचा ८६ आहे. कणीक मळताना, पोळ्या लाटताना खांद्यातून जोर लावावा लागतो, त्यासाठी तर आणखी खाली हवा. आजी इतकी वर्षं ओट्यापुढे लाकडी पाट ठेवून त्यावर उभी राहून पोळ्या लाटत होती, आणि आम्हा सगळ्यांना ती तिची सवय वाटत होती.

आई १६० सेंटिमीटरची, तिला चौतीस इंच सोयीचा. मग ओटा कुणाच्या मापाचा करायचा? याचं उत्तर पुस्तकात नाही. त्या घरात कोण, काय काम, किती वेळ करतं, हे विचारल्याशिवाय ते मिळत नाही. आम्ही ओटा तसाच ठेवला आणि खिडकीखाली तीस इंचांवर कडप्प्याची दोन फुटी फळी बसवली, फक्त लाटण्यासाठी. माझं पहिलं ‘प्रोजेक्ट’ तेच. मार्क कुणी दिले नाहीत.

स्वयंपाकघराचं असं मोजमाप करायची कल्पना जुनी आहे. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं, ते १.९ मीटर बाय ३.४ मीटर. आपल्या वन बीएचकेतल्या स्वयंपाकघराच्या चुलतभावासारखं. कामाच्या हालचाली घड्याळ लावून तपासून, कोणती वस्तू हाताशी हवी ते त्यांनी ठरवलं. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. तुम्हीही एक दिवस करून बघा: आई चहा करते तेव्हा पातेलं, पाणी, साखर, दूध, गाळणी यांसाठी किती पावलं टाकते, ते मोजा. दूध फ्रिजमध्ये आणि फ्रिज हॉलमध्ये असेल, तर उत्तर ऐकून आईलाच राग येईल.

घरचे हात मोजून झाले की नेहमीची मापं पाठ करा. खुर्चीची बैठक १७-१८ इंच, जेवणाचं टेबल ३० इंच, ओट्याची खोली दोन फूट, कपाटाची खोली दोन फूट, डबल बेड सहा बाय साडेसहा. पण पाठ केलेलं माप नुसतं सुरुवातीला धरायचं असतं.

वावर

सर्क्युलेशनला मराठीत ‘वावर’ हा नेमका शब्द आहे, तोच वापरावा. प्लॅनवर बटर पेपर ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाची दिवसभराची ये-जा वेगवेगळ्या रंगानं काढा. सकाळी सात ते नऊच्या वेळात आमच्या हॉलमधल्या दिवाणाच्या एका कोपऱ्याभोवती चारही रंगांचा गुंता झाला. त्या कोपऱ्यावर आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी पायाची करंगळी आपटून घेतली आहे.

एका माणसाला चालायला दोन फूट लागतात, सहज चालायला तीन. सोफा आणि टीपॉय यांच्यात दीड फूट. दार उघडतं तेव्हा ते पाव वर्तुळाएवढी जागा खातं, ती प्लॅनवर काढायची आणि तिथे काहीही ठेवायचं नाही.

कागदावर पटलं नाही तर वर्तमानपत्रं चिकटवून नव्या सोफ्याच्या, पलंगाच्या मापाचे खरे तुकडे कापा आणि जमिनीवर अंथरा. दोन दिवस त्यावर पाय न देता घरात वावरून बघा. कुठल्याही थ्रीडी चित्रापेक्षा हे जास्त शिकवतं. शिवाय फुकट.

वावराबरोबर येतो तो क्रम. कोकणातल्या घरात अंगण, पडवी, ओटी, माजघर, आणि मग स्वयंपाकघर-देवघर. वाटसरू पडवीत टेकतो, पाहुणा ओटीवर बसतो, माजघरात घरचीच माणसं. दाराला ‘खासगी’ अशी पाटी लावावी लागत नाही, उंबरठे ते काम करतात. फ्लॅटमध्ये यातले बहुतेक टप्पे एका हॉलमध्ये कोंबलेले असतात. दार उघडलं की कुरिअरवाल्याला थेट आजीची गादी दिसते. चप्पल काढायच्या जागी फरशीचा रंग बदलणं, एक अर्धी जाळी उभी करणं, दिवाण दाराच्या नजरेतून सरकवणं, यातून निदान पडवी आणि ओटी वेगळी करता येते.

उजेड

सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि संध्याकाळी सात, अशा चार वेळांना एकाच जागेवरून खोलीचा फोटो काढा. पश्चिमेची खिडकी असेल तर मे महिन्यातल्या चारच्या फोटोत तुम्हाला कळेल की तिथे आधी पडदा लागणार आहे.

कृत्रिम उजेडाचे तीन थर धरा: खोलीभर पसरणारा, कामापुरता, आणि एखाद्या वस्तूवर टाकलेला. बहुतेक घरांत फक्त पहिला असतो, भिंतीवरची एक ट्यूब. स्वयंपाकघरात ती आपल्या पाठीमागे असते, म्हणून भाजी चिरताना आपलीच सावली विळीवर पडते. वरच्या कपाटाच्या तळाशी पुढच्या कडेला एलईडी पट्टी लावली की प्रश्न सुटतो.

दिव्याच्या खोक्यावरचा केल्विनचा आकडा वाचायची सवय लावा. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. झोपायच्या खोलीत ६५०० लावून वर झोप येत नाही म्हणणारे लोक मला माहीत आहेत. त्याच खोक्यावर सीआरआय दिलेला असेल तर तोही बघा. तो शंभराच्या जितका जवळ, तितके रंग खरे दिसतात. भाजी आणि साडी दोन्ही नव्वदच्या वरच्या दिव्याखाली बघाव्यात.

समतोल, लय वगैरे

यावर वर्गात सर्वांत जास्त तास होतात, आणि मी सर्वांत कमी लिहिणार आहे. ठिपक्यांची रांगोळी काढली असेल तर ग्रिड आणि सममिती तुम्हाला येतेच. सममितीशिवायचा समतोल म्हणजे एका बाजूला मोठं कपाट, तर दुसऱ्या बाजूला तेवढंच जड काही नको. एक गडद चित्र आणि उंच दिवाही ते वजन पेलतो.

लय बघायला पुण्यात असाल तर विश्रामबागवाड्यात जा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला, १८०७चा. सुरूच्या झाडासारखे घडवलेले लाकडी खांब ठरावीक अंतरानं येत जातात. जुन्या घरांत दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात आणि घर किती खणांचं, त्यावरून त्याचा आकार सांगतात. मॉड्यूल, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं ठरावीक माप, या शब्दानं घाबरून गेलात तर खण आठवा.

सोनेरी गुणोत्तराबद्दल (लांबी-रुंदीचं १.६१८ ला १ हे प्रमाण) एक विनंती. त्याची ती गोगलगायीसारखी गुंडाळी प्रत्येक फोटोवर चिकटवून ‘बघा, जुळलं’ म्हणू नका. पुरेशी जाड रेघ घेतली तर ती कशावरही जुळते. त्याऐवजी रोज हाताळता त्या ए-फोर कागदाकडे बघा: २१० बाय २९७. अर्धा दुमडला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. प्रमाण उपयोगी पडतं म्हणजे काय, ते यात दिसतं.

आता रंग

रंगाचं नाव बाजूला ठेवून तीन गोष्टी वेगळ्या करायला शिका: कुठला रंग, किती उजळ, किती भडक. आल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकाराच्या पद्धतीचा गाभा हाच. नवखे पहिल्यात अडकतात, निळा की हिरवा. खोली बिघडते ती बहुतेक वेळा दुसऱ्यात. खोलीचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून बघा. सगळं एकाच करड्या छटेत विरघळलं असेल, तर रंग कितीही महाग असो, खोली सपाट दिसणार.

साठ-तीस-दहा हा ठोकताळा सुरुवातीला बरा: मोठा भाग एका रंगाचा, त्याच्या निम्मा दुसऱ्याचा, आणि चिमूटभर तिसऱ्याचा. शेड कार्डावरच्या नखाएवढ्या चौकोनावरून निर्णय घेऊ नका. दोन बाय दोन फुटांचा पट्टा भिंतीवर रंगवा आणि दोन दिवस, दिवसा आणि दिव्यात बघा. लालसर फरशीवर पडलेला उजेड पांढऱ्या भिंतीला गुलाबी करतो, हे कार्ड सांगत नाही.

साहित्य हातात घ्या

एक दिवस भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये घालवा. सकाळी लवकर जा, गर्दीच्या वेळी विद्यार्थ्याला कुणी उभं करत नाही. प्लायची शीट आठ बाय चार फुटांची असते. कपाटाची खोली दोन फूट असण्यामागे हँगरची रुंदी आहेच, पण चार फुटांचे सरळ दोन भाग होतात हेही आहे. करवतीच्या पात्यात थोडं जातं, म्हणून हातात पूर्ण दोन फूट येत नाहीत. ड्रॉइंगमध्ये तेवढं धरा. सव्वादोन फुटांचं कपाट काढलंत तर प्रत्येक शीटमधून पावणेदोन फुटांचा तुकडा उरतो आणि गिऱ्हाइकाचे पैसे त्यात जातात.

साध्या प्लायला आयएस ३०३ आणि मरीन प्लायला आयएस ७१० हे भारतीय मानकांचे शिक्के असतात. सिंकखाली पहिला वापरू नका. कपाटाच्या सांगाड्याला १८ मिलिमीटर, पाठीला ६, बाहेरून १ मिलिमीटरचं लॅमिनेट. प्रत्येकाचा तळहाताएवढा नमुना मागून घ्या, मागे नाव आणि भाव लिहा आणि चपलांच्या खोक्यात साठवा. तिसऱ्या वर्षापर्यंत माझी अशी चार खोकी झाली आहेत आणि आजी दर दिवाळीला ती फेकायला निघते.

आणि भिंत पाडायची कल्पना सुचली तर थांबा. कॉलम आणि बीमला हात लावायचा नाही, कुठल्याही भिंतीसाठी स्ट्रक्चरल इंजिनीअर आणि सोसायटी, दोघांना विचारायचं. बाथरूम सरकवून खालच्यांच्या हॉलवर आणायचं नाही. शीटवर सगळं हलतं, म्हणून हे इथेच सांगून ठेवते.

ज्युरीच्या आदल्या रात्री

प्रत्येक निर्णयापुढे ‘का’ लिहून त्याचं एका ओळीत उत्तर द्या. “छान दिसतं म्हणून” हे उत्तर दोनपेक्षा जास्त वेळा आलं तर तो भाग पुन्हा बघा. कच्च्या वहीतली मापं, फोटो आणि बटर पेपरवरचा गुंता बरोबर न्या. आमच्या ज्युरीनं तरी सुबक शीटपेक्षा तोच जास्त वेळ चाळला.

शीट गुंडाळताना चित्राची बाजू बाहेर ठेवा. आत ठेवून गुंडाळली की बोर्डावर लावताना कडा पुढे वळतात, आणि तुम्ही बोलत असताना पिना एकेक करून खाली पडतात.